वायूवाचून जगणारा वैरी : धनुर्वात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



प्राणवायूवाचून जीव जगत नाही, अशी आपली दृढ समजूत असते. परंतु प्राणवायू ज्यांना मारक ठरतो असेही जंतू सृष्टीत आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांनी १८६१ साली दाखवून दिले. धनुर्वाताचा जंतू याच कुळातला.

त्याची बीजे मातीत व जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून असतात. काटा वा खिळा खोल रुतून जखमेचे तोंड मिटले की आत प्राणवायू पोहोचत नाही, आणि तेथे ती बीजे रुजतात. दोष लोखंडाच्या गंजाचा नव्हे, मातीचा. जंतूचे विष मज्जातंतूंत शिरते, दातखीळ बसते, देह धनुष्यासारखा वाकतो. जपानी संशोधक कितासातो यांनी १८८९ साली हा जंतू हायड्रोजन वायूत वाढवून निराळा काढला. पुढच्याच वर्षी त्यांनी व बेरिंग यांनी त्याच्या विषावर उतारा शोधला.

आपल्याकडे या रोगाने सर्वांत मोठा घात केला तो बाळंतिणीच्या खोलीत. अस्वच्छ हत्याराने नाळ कापावी, वर राख वा शेण लावावे, आणि थोड्याच दिवसांत बालकाने दूध ओढणे थांबवावे! घरची माणसे दैवाला बोल लावीत. गर्भवतींना लस व स्वच्छ प्रसूती या दोन उपायांनी चित्र पालटले. २०१५ साली भारतातून माता व नवजातांचा धनुर्वात निर्मूलन पावल्याचे जाहीर झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी नवजात रुग्ण.

तथापि निर्मूलन म्हणजे नायनाट नव्हे. देवी रोग माणसाकडून माणसाला होई, म्हणून तो जगातून घालविता आला. धनुर्वाताचे वसतिस्थान माती आहे. ती कोण धुऊन काढणार? शेजाऱ्याने टोचून घेतलेली लस येथे आपले रक्षण करीत नाही. इतकेच नव्हे, तर हा रोग होऊन बरा झालेल्यासही पुढे अभय मिळत नाही. त्यालाही लस घ्यावीच लागते.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. घरातील गर्भवतीच्या व बालकांच्या मात्रा चुकवू नका. मुलामुलींना दहाव्या व सोळाव्या वर्षी लस द्या. शेतात राबणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही दर दहा वर्षांनी तिचे स्मरण द्या. जखम साबणपाण्याने धुवा, तीवर माती वा शेण लावू नका, आणि खोल जखम झाल्यास विनाविलंब वैद्याकडे जा. ज्ञातीतील एकही घर या बाबतीत गाफील राहू नये, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.