परतीचे पाकीट

टपालाने स्वाक्षरी मिळविण्याचा छंद म्हणजे ख्यातनाम व्यक्तीला पत्र लिहून, सोबत कोरे कार्ड किंवा छायाचित्र आणि स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले परतीचे पाकीट पाठवून तिच्या हातची सही मिळविण्याची खटपट होय. आणि सभेच्या गर्दीत वही पुढे करणाऱ्यापेक्षा या संग्राहकाला एक गोष्ट अधिक सांभाळावी लागते, ती म्हणजे पत्ता.

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे, कारण मध्यवर्ती कारागृहामुळे सर्वपरिचित झालेले हर्सूल छत्रपती संभाजीनगरला आहे, दोन्ही नावांत फरक आहे तो एका रफाराचा, आणि रोमन लिपीत तर तोही उरत नाही. हा घोळ मिटतो तो पिनकोडने, म्हणजे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेल्या सहा अंकी क्रमांकाने. नाशिककडचे क्रमांक 422 ने, तर संभाजीनगरकडचे 431 ने सुरू होतात.

पिनकोडपूर्वीचा उपाय याहून जालीम असू शकत असे. महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या ज्या सेगावी राहत, त्याचे टपाल बुलढाण्याच्या शेगावाशी गल्लत होऊन भरकटू लागले, तेव्हा 1940 मध्ये गावाचेच नाव सेवाग्राम करण्यात आले. स्वाक्षरीसाठी गांधीजी हरिजन निधीला पाच रुपये मागत, म्हणजे त्यांच्या बाबतीत नुसते परतीचे तिकीट पुरत नसे. ते स्वतःला बनिया म्हणवून घेत, ते इथे तरी शब्दशः खरे ठरते.

तिकिटाचा हिशेब किरकोळ वाटला तरी तिथेच पुष्कळ पत्रे अडतात. साध्या पाकिटाला पाच रुपयांचे तिकीट पुरते ते 20 ग्रॅमपर्यंत. छायाचित्र, ते मुडपू नये म्हणून घातलेला पुठ्ठा आणि घडी घातलेले दुसरे पाकीट मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि मग पत्र बेअरिंग होते, म्हणजे कमी पडलेल्या तिकिटाची दुप्पट रक्कम ते घेणाऱ्याकडून वसूल केली जाते, जी कोणा नटाने अनोळखी चाहत्यासाठी भरावी अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे.

परत आलेली सही खरी, छापील की यंत्राने उमटवलेली, हे ओळखण्यासाठी कार्ड तिरप्या उजेडात धरावे: बॉलपेनची खरी सही कागदाला दाबते, मागच्या बाजूने बोटाला लागते आणि वळणावर तिचा दाब बदलतो, यंत्राच्या दोन सह्या मात्र एकमेकींवर ठेवल्या तर रेघेला रेघ जुळते. काहींच्या बाबतीत सहीपेक्षा सोबतचे पत्रच मोलाचे ठरते. प्रसिद्धीपासून दूर धारवाडला राहिलेले कथाकार जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे 1987 मधील त्यांच्या निधनानंतर ग्रंथरूपाने निघाली, ती त्यामुळेच.

परतीच्या पाकिटावर अक्षर संग्राहकाचेच असते, म्हणून ते अनेकदा केरात जाते. वास्तविक सही कोणत्या गावाहून आणि कोणत्या तारखेला निघाली याचा पुरावा तिकिटावरच्या शिक्क्यात असतो, तेव्हा पाकीट तिकिटाची बाजू सोडून दुसऱ्या कडेने कापावे आणि सहीसोबतच ठेवावे.