विमा करार : परम सद्भाव आणि छापील शब्द



विमा हा मुळात करार आहे आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सर्व नियम त्याला लागू होतात, हे विधिज्ञांच्या सभेत सांगण्याची वास्तविक गरज नाही. परंतु ग्रामीण भागात पॉलिसी 'काढली' जाते, तिचा कागद कपाटात जातो आणि दावा नाकारल्याचे पत्र आल्यानंतरच तो प्रथम वाचला जातो, ही वस्तुस्थिती पाहता विवेचनाची सुरुवात येथूनच करणे भाग आहे. विमेदाराने भरून दिलेला प्रस्ताव अर्ज हा कायद्याच्या दृष्टीने देकार असतो आणि कंपनीने तो स्वीकारल्याचे कळवले की करार पूर्ण होतो. हप्ता आधी मिळाल्याखेरीज कंपनीने जोखीम पत्करू नये, असा दंडक १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीमध्ये आहे. पण हप्ता घेतला म्हणजे प्रस्ताव स्वीकारला असा उलटा अर्थ मात्र निघत नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध राजा वासिरेड्डी कोमलवल्ली कांबा या खटल्यात डिसेंबर १९६० मध्ये प्रस्ताव व हप्ता देणारी व्यक्ती पुढच्याच महिन्यात मरण पावली. रक्कम महामंडळाकडे जमा असली तरी स्वीकृती कळवलेली नव्हती, म्हणून करारच झाला नव्हता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. एजंटाच्या हाती चेक दिला की विमा सुरू झाला, असे मानणाऱ्या प्रत्येक कुटुंबापर्यंत हा निर्णय पोहोचायला हवा होता.

विम्याला पैजेपासून वेगळे करणारे तत्त्व म्हणजे विमाहित. ज्या वस्तूचा किंवा ज्या जीविताचा विमा उतरवायचा, ती सुरक्षित राहण्यात विमेदाराचा कायद्याला मान्य असा आर्थिक लाभ असला पाहिजे आणि ती नष्ट होण्यात त्याचे नुकसान असले पाहिजे, असा या तत्त्वाचा अर्थ आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये परक्या माणसांच्या आयुष्यावर पॉलिसी घेऊन त्यांच्या मरणावर पैसे लावले जात, म्हणून तेथे १७७४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. भारतात करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार शून्य ठरवते, आणि त्याच कलमाच्या आधारे विमाहित नसलेली पॉलिसीही टिकत नाही. हे हित केव्हा असावे याचे उत्तर विम्याच्या प्रकारानुसार बदलते : आयुर्विम्यात ते करार करताना असले म्हणजे पुरते, सागरी विम्यात नुकसान होताना असावे लागते, आणि आगीच्या विम्यात दोन्ही वेळी असावे लागते.

हे तत्त्व केवळ पाठ्यपुस्तकापुरते नाही, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याच्या हिश्श्यातील उरलेली रक्कम राज्य शासन भरत होते, त्यामुळे 'एक रुपयात कसला करार' हा आक्षेप कायद्यात टिकणारा नव्हता, शिवाय मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार शून्य होत नाही, हे करार कायद्याच्या कलम २५ मध्येच स्पष्ट केलेले आहे. खरा दोष दुसरीकडे होता. देवस्थानांच्या, शासनाच्या आणि ज्यांच्याशी अर्जदाराचा काहीही संबंध नाही अशा जमिनींवर विमा उतरवल्याची प्रकरणे राज्यभर उघडकीस आली. जमीन नाही, कूळहक्क नाही, पेरणी नाही, तरी पिकावर संरक्षण. ही फसवणूक होती हे खरेच, पण फसवणूक सिद्ध होण्याच्या आधीच, विमाहिताच्या अभावी, ते करार मुळातून शून्य होते. २०२५ च्या खरिपापासून शासनाने एक रुपयाची ही योजना बंद करून खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के अशी शेतकऱ्याच्या हिश्श्याची कमाल मर्यादा पुन्हा लागू केली. हप्ता वाढला म्हणजे बोगस अर्ज कमी होतील हा हिशेब व्यवहाराचा आहे. कायद्याचा उपाय मात्र सात-बारा आणि ई-पीक पाहणी यांची पॉलिसी देण्यापूर्वी पडताळणी करणे हाच होता, आणि ते काम अर्ज स्वीकारणाऱ्यांचे होते.

विमाहिताचा दुसरा दाखला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मिळतो. कानात बिल्ला असलेली विम्याची गाय बाजारात विकली गेली की विकणाऱ्याचे हित संपते. आणि विमा हा वस्तूशी नव्हे तर व्यक्तीशी केलेला करार असल्याने कंपनीच्या संमतीखेरीज तो घेणाऱ्याकडे जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ ने वाहनाच्या बाबतीत, तृतीय पक्षाच्या जोखमीपुरती, पॉलिसी नव्या मालकाकडे आपोआप जाते असे मानले आहे. या सवलतीच्या ओळखीमुळे जनावराचाही विमा बिल्ल्याबरोबर जातो असा समज पसरला असावा, पण तो चुकीचा आहे.

यानंतर ज्या तत्त्वाकडे यायचे ते परम सद्भावाचे. सामान्य खरेदीविक्रीत ग्राहकाने आपले पाहून घ्यावे असा नियम असतो. विम्यात मात्र जोखमीची सगळी माहिती विमेदाराजवळ असते आणि कंपनी ती त्याच्या सांगण्यावरून तोलते, म्हणून हप्ता ठरवताना किंवा जोखीम घ्यायची की नाही हे ठरवताना विचारी विमा कंपनीवर जिचा परिणाम होईल अशी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट विमेदाराने आपणहून सांगावी, अशी अपेक्षा आहे. या नियमाचे मूळ म्हणून लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचा कार्टर विरुद्ध बोहम हा १७६६ चा निर्णय सांगितला जातो, पण त्या खटल्याचा निकाल सांगायचा बहुधा राहून जातो. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याच्या गव्हर्नराने शत्रू किल्ला घेईल या जोखमीचा विमा उतरवला होता, किल्ला फ्रेंचांनी घेतला, आणि कंपनीच्या जागी असलेल्या विमादात्याने माहिती लपवल्याचा बचाव घेतला. न्यायालयाने गव्हर्नराच्या बाजूने कौल दिला, कारण जे विमादात्याला ठाऊक होते किंवा चौकशी केली असती तर सहज कळले असते, ते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. सद्भावाचे ओझे दोन्ही खांद्यांवर आहे, हा त्या निर्णयाचा गाभा.

या नियमाची परीक्षा घ्यायची तर आपण जेथे जमलो आहोत त्या सोनईपासून काही किलोमीटरवरील शनिशिंगणापूरइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणार नाही. तेथील घरांना परंपरेने दारे नाहीत. युको बँकेने २०११ मध्ये तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा ती देशभर बातमी झाली. अशा घराचा घरफोडीविरुद्ध विमा उतरवताना दार नसणे ही महत्त्वाची गोष्ट आहे का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. ती न सांगितल्यास पॉलिसी रद्द होईल का, याचे उत्तर तितके सरळ नाही. कारण सर्वश्रुत गोष्ट विमादात्याला ठाऊक असल्याचे गृहीत धरले जाते, हे १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम २० मध्ये नमूद आहे आणि त्यामागचे तत्त्व सागरापुरते मर्यादित नाही. शिंगणापूरचा पत्ता लिहिलेल्या प्रस्तावावर सही घेणाऱ्या कंपनीला दारांबद्दल आपण अनभिज्ञ होतो असे म्हणता येणे कठीण आहे.

मात्र तेवढ्याने विमेदार सुटत नाही, कारण पुढे पॉलिसीचे छापील शब्द उभे राहतात. घरफोडीच्या प्रचलित पॉलिसीत चोरी ही बळजबरीने किंवा हिंसेने प्रवेश करून झालेली असावी लागते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या २००४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हीच अट अक्षरशः लागू केली आणि बळाचा वापर न करता झालेल्या चोरीची भरपाई नाकारली. त्याच निर्णयात ही व्याख्या सामान्य माणसाला समजायला अवघड आहे आणि कंपन्यांनी तिच्यात योग्य बदल करावा, अशी सूचनाही केली. जेथे फोडायला दारच नाही तेथे घरफोडी सिद्ध कशी करणार? दार नसलेल्या घराचा मालक सगळे खरे सांगूनही, हप्ता वेळेवर भरूनही, भरपाईविना राहू शकतो. पॉलिसीतील शब्द संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध वाचावा, हा नियम जनरल अ‍ॅशुरन्स सोसायटी विरुद्ध चंदमल जैन या १९६६ च्या खटल्यापासून रूढ आहे. परंतु शब्द स्पष्ट असेल तर न्यायालय पक्षांसाठी नवा करार लिहीत नाही, हेही त्याच निर्णयात सांगितलेले आहे. म्हणजे कौल शेवटी शब्दांवर लागतो, आणि ते शब्द एकाच पक्षाने, बहुधा इंग्रजीत, आधीच छापलेले असतात.

प्रस्ताव अर्जाचे खरे दुखणे याच ठिकाणी आहे. अर्ज एजंट भरतो, प्रश्न इंग्रजीत असतात, सही मराठीत असते. रिलायन्स लाइफ विरुद्ध रेखाबेन राठोड या २०१९ च्या निर्णयात, न वाचता सही केली हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही; उलट मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया या २०२१ च्या निर्णयात, अर्जातील रकाना कोरा असूनही कंपनीने हप्ता घेऊन पॉलिसी दिली तर माहिती लपवल्याचा आरोप तिला मागाहून करता येणार नाही, असे सांगितले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर निष्कर्ष असा निघतो की कोरा रकाना विमेदाराला वाचवतो आणि एजंटाने परस्पर लिहिलेले 'नाही' त्याला बुडवते. हा निष्कर्ष कायद्याला धरून असला तरी न्यायाला धरून आहे असे म्हणवत नाही. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याचे कलम ४५ अधिक कडक झाले असून पॉलिसीला ३ वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने, फसवणुकीच्या कारणानेसुद्धा, तिला आव्हान देता येत नाही. आरोग्य विम्यात हीच मुदत २०२४ पासून ५ वर्षांची आहे आणि तेथे सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद कायम आहे.

क्षतिपूर्तीचे तत्त्व असे की विमेदाराला झालेल्या नुकसानाइतकीच भरपाई मिळावी, नुकसानातून नफा होऊ नये. आयुर्विमा आणि अपघात विमा याला अपवाद आहेत, कारण जिवाची किंमत मोजता येत नाही. पीक विम्याने या तत्त्वापासून जेवढी फारकत घेतली तेवढी क्षतिपूर्तीच्या अन्य कोणत्याही विम्याने घेतलेली नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्यातील भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते : ही सरासरी आधी ठरवलेल्या उंबरठा उत्पादनापेक्षा जितक्या टक्क्यांनी कमी, तितके टक्के विमा संरक्षित रक्कम मंडळातील प्रत्येक विमेदाराला मिळते. ज्याचे शेत गारपिटीत पूर्ण झोपले पण ज्याच्या मंडळाची सरासरी बरी आली, त्याला काहीच मिळत नाही; आणि ज्याचे पीक उत्तम आले पण मंडळ बुडाले, त्याला भरपाई मिळते. प्रशासनाला हे सोयीचे आहे, लाखो शेतांचे स्वतंत्र पंचनामे शक्य नाहीत हेही मान्य. परंतु याला नुकसानभरपाई म्हणून शेतकऱ्यापुढे ठेवणे ही दिशाभूल आहे, आणि परम सद्भाव दोन्ही पक्षांना बांधत असेल तर हा फरक अर्ज भरतानाच सांगितला गेला पाहिजे.

शेतकऱ्याच्या अपघात संरक्षणाबाबत तर शासनाने करारच सोडून दिला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत कंपन्यांकडून दावे रखडत आणि कागदपत्रांच्या त्रुटींवर नाकारले जात, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये तिचे सानुग्रह अनुदानात रूपांतर झाले आणि अपघाती मृत्यूस २ लाख रुपयांचा निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आला. वारसांना पैसे लवकर मिळत असतील तर बदल स्वागतार्हच आहे. मात्र अनुदान हा अनुग्रह असतो, करारातून येणारा हक्क त्यात नसतो, हे वकिलांनी वारसांना समजावून द्यावे.

निकट कारणाचे तत्त्व सांगते की नुकसानाच्या साखळीतील वेळेने सर्वांत जवळचे नव्हे, तर परिणाम घडवून आणणारे प्रबळ कारण पाहावे. गोव्यातील झुआरी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात जानेवारी १९९९ मध्ये स्विचबोर्डात शॉर्टसर्किट होऊन आग लागली, वीज गेली, पाण्याचा पुरवठा थांबला आणि तप्त वायूंनी बॉयलर निकामी झाला. बॉयलरला आगीने स्पर्श केला नव्हता, तरी आग हेच निकट कारण, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. साखर कारखान्यांच्या पॉलिसी हाताळणाऱ्या प्रत्येक सर्व्हेअरने हा निर्णय वाचलेला असावा. आणखी दोन मुद्दे थोडक्यात : भरपाई दिल्यानंतर कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहून नुकसान करणाऱ्याकडून वसुली करू शकते, आणि नॉमिनी हा सरबती देवी या १९८४ च्या निर्णयानुसार केवळ रक्कम स्वीकारणारा असून मालकी वारसांची असते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पतिपत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम मात्र त्यांचीच होते.

सोनई परिसरात साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था आणि महाविद्यालये यांचे जाळे आहे. या संस्थांनी सभासदांसाठी गटविमा घेताना प्रस्ताव अर्ज आणि अटींचा सारांश मराठीत मागावा, एजंटाने भरलेला अर्ज सहीपूर्वी वाचून दाखवल्याचा दाखला घ्यावा आणि अर्जाची प्रत सभासदाच्या हाती द्यावी. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी या कामी आठवड्यातून एक दिवस द्यावा. नाकारलेल्या दाव्याबाबत आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी; महिनाभरात समाधान न झाल्यास पुणे येथील विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते, तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.