मालकाने गुण पाहावेत काय?



आज येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती नवी पदवी आहे आणि नोकरीसाठी अर्ज करण्याची खटपट सुरू आहे. तेव्हा शिक्षणाच्या महतीवर प्रवचन करून मी तुमचा वेळ घेणार नाही. एकाच प्रश्नाचा विचार आपण करू. पदवीधराला नोकरीवर घेताना मालकाने विद्यापीठातील गुण पाहावेत की पाहू नयेत?

पाहू नयेत, असे म्हणण्याची अलीकडे टूम निघाली आहे. अर्न्स्ट अँड यंग ह्या हिशेबतपासनिसांच्या बड्या कंपनीने इंग्लंडमधील आपल्या भरतीतून पदवीच्या वर्गाची अट २०१५ साली काढून टाकली. आपल्या कित्येक तरुणांना अशी वार्ता गोड वाटते. मला ती तितकीशी गोड वाटत नाही, आणि ती का वाटत नाही हे सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गुणांविरुद्धची तक्रार खोटी नाही. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा ३८ देखील नव्हे. त्या काळी गुण हात आखडून दिले जात, हे खरे. परंतु संस्कृत शिकण्याची इच्छा असता ज्या मुलाला ते नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली, परळच्या चाळीतील एका खोलीत ज्याने अभ्यास केला, त्याच्या २८२ ह्या आकड्यात त्याच्या बुद्धीचे माप किती होते आणि परिस्थितीचे किती होते? आजच्या कित्येक कंपन्यांच्या जाहिरातीत अट असते की उमेदवारास दहावी, बारावी आणि पदवी ह्या तिन्ही परीक्षांत शेकडा ६० गुण असले पाहिजेत, मध्ये एखाद्या वर्षाचा खंड नको, आणि केटी राहिलेली नको. ह्या अटीपुढे १९०७ सालचा तो मुलगा उंबरठ्यावरूनच परत फिरला असता.

ही अट मला सर्वस्वी अन्याय्य वाटते. पंधराव्या वर्षी, घरात दिवा आणि वही ह्यांचीच वानवा असताना मिळालेले गुण बाविसाव्या वर्षाच्या माणसाच्या गळ्यात का बांधावयाचे? वडील आजारी पडले म्हणून ज्याने वर्षभर गोदामात हमाली केली आणि मग पुन्हा कॉलेजात नाव घातले, त्याचे ते वर्ष "खंड" ठरते. माझ्या मते ती त्याची शिफारस ठरावयास हवी. आणि ह्या अटीतला विनोद पाहा. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि शाळेचे अंतर्गत मूल्यमापन ह्यांवरून निकाल लावला गेला व शेकडा ९९.९५ मुले उत्तीर्ण झाली. त्या मुलांच्या दहावीच्या गुणांनाही ही ६० ची चाळणी लावली, तर ती न झालेल्या परीक्षेच्या गुणांना लावल्यासारखे होईल!

इतके झाल्यावर कोणीही म्हणेल की, मग गुण टाकूनच द्यावेत. येथे मात्र मी थांबतो. गुण उठून गेले तर त्यांच्या खुर्चीवर कोण येऊन बसणार, हा प्रश्न आपण विचारला आहे काय? मालकाला शंभरांतून पाच माणसे निवडावयाचीच आहेत. ती तो कशाने निवडील? मुलाखतीने. व्यक्तिमत्त्व, बोलण्याची ढब, इंग्रजी उच्चार, आणि ज्याला ते "घरची पार्श्वभूमी" म्हणतात, त्या सर्वांनी. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन ह्यांनी कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या व आपला लेख २००७ साली प्रसिद्ध केला. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो, जात पाहत नाही, असे हे अधिकारी सांगत. आणि त्याच बैठकीत, उमेदवाराच्या कुटुंबाची चौकशी करणे किती आवश्यक आहे, हेही सांगत.

मला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझ्या पहिल्याच मुलाखतीत, पहिल्या वर्गाची गुणपत्रिका माझ्या पुढ्यात असताना, मला तीन प्रश्न विचारण्यात आले : मूळ गाव कोणते, वडील काय करतात, आणि ह्या आडनावाचे लोक आमच्याकडे कोठे असतात. त्या गुणपत्रिकेची घडी कोणी उलगडली नाही. ती कंपनी कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही. तुमच्यापैकी काहींना अशा दोन-तीन कंपन्या सहज आठवल्या असतील.

बाबासाहेबांच्या चरित्रात ह्याची दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले, तेव्हा महाराजांनी मॅट्रिकचा आकडा धरून बसण्याऐवजी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तीही मुलाखतच होती. परंतु प्रत्येक खुर्चीवर सयाजीराव बसलेले नसतात. पुढे १९१७ साली, कोलंबियाची एम. ए. पदवी मिळविलेले तेच बाबासाहेब त्याच बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकीत आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. राजाचे मन मोठे होते, कचेरीचे नव्हते. भरती मात्र कचेरी करते.

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत एक गुण असा आहे की त्याची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो, आणि तोही तपासनिसापासून झाकला जातो. तपासनीस कितीही जातिनिष्ठ असला तरी समोरच्या कागदाचा बाप काय करतो हे त्याला ठाऊक नसते. जेथे हा पडदा नसतो, तेथे काय होते? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सुखदेव थोरात समितीपुढे, २००७ साली, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी आली, त्यांत तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेतील वागणुकीचे गाऱ्हाणे ठळक होते.

कोणी म्हणेल की, झाकलेल्या कागदावर मिळविलेल्या गुणांनी तरी काय साधले? आक्षेप बरोबर आहे. ह्याच थोरातांनी पॉल अ‍ॅटवेल ह्यांच्यासह खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, आडनावे निरनिराळी. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याचा संभव ०.६७ पट भरला, मुसलमान नावाला ०.३३ पट. गुण सारखे असूनही दार उघडले नाही, कारण गुणांच्या शेजारी नाव लिहिलेले होते. परंतु ह्यावरून गुण निरुपयोगी ठरत नाहीत. नाव झाकले पाहिजे, इतकेच ठरते.

गुणांनी कामाची लायकी कळते काय, हाही प्रश्न उरतोच. थोडीशी कळते. १९९६ साली अमेरिकेत अनेक संशोधनांचा एकत्र पडताळा घेण्यात आला, त्यात परीक्षेतील गुण आणि नोकरीतील काम ह्यांचा संबंध आढळला. तो माफक होता, आणि पदवीनंतर वर्षे जातील तसा तो क्षीण होत होता. म्हणजे नव्या पदवीधराचे गुण पाहण्यात काही अर्थ आहे, दहा वर्षे काम केलेल्या माणसाचे गुण विचारण्यात फारसा नाही.

म्हणून आपली मागणी अशी असावी. मालकाने पदवीचे गुण पाहावेत, दहावी-बारावीचे उकरून काढू नयेत. कोणत्या गोष्टीला किती वजन देणार हे त्याने जाहिरातीतच छापावे. पहिली छाननी नावाशिवाय, क्रमांकावर व्हावी, आणि त्यानंतर कामाचीच लेखी चाचणी घ्यावी, तीही क्रमांकावर. मुलाखत हवी तर शेवटी घ्या. पण तिचे गुण मर्यादित असू द्या. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला केवळ पदवी लागते, तिच्यात किती टक्के हे विचारीत नाहीत. आणि गुणवत्ता यादीच्या २,०२५ गुणांपैकी १,७५० लेखी व २७५ मुलाखतीचे असतात. त्या २७५ गुणांविषयीही तक्रारी आहेत. पण तेथे लेखी गुणांचे पारडे जड आहे आणि ते आधी जाहीर आहे. खाजगी कारखान्यात घटनेच्या १६ व्या कलमाचे संरक्षण नाही, राखीव जागा नाहीत; तेथे निदान एवढा लेखी नियम तरी आपण मागू शकतो.

तुमच्याकडून मला एक काम हवे आहे. यापुढे ज्या ज्या मुलाखतीला जाल, तेथून बाहेर पडताच विचारलेले प्रश्न जसेच्या तसे कागदावर उतरवा. जाहिरात जपून ठेवा, आपली गुणपत्रिका जोडा, आणि नकाराचे पत्र आले तर तेही. हे भाषण जे छापील वाचतील त्यांनीही तसेच करावे. शंभर जणांचे असे कागद एकत्र झाले तर मग कोणत्या मालकाने गुण पाहिले आणि कोणी आडनाव पाहिले, ह्याविषयी आपल्याला त्यांच्याशी बोलता येईल.