गुप्तहेराच्या वेषातला माणूस

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील पानिपत सहलीत, काला अंब येथील स्मारकाच्या आवारात केलेले भाषण)



सकाळपासून आपण १४ जानेवारी १७६१ या दिवसाविषयी ऐकत आहात. माझ्यापेक्षा अधिकारी वाणीने बोलणारी मंडळी त्यावर बोलून गेली. मला दिलेला विषय निराळा आहे: दूरचित्रवाणीवरील गुप्तहेरकथा आणि त्यांत काम करणाऱ्या नटांचे खरेखुरे गुण. विषय विद्यार्थ्यांनीच सुचवला, असे मला सांगण्यात आले. रणभूमीवर हे कशाला, असा प्रश्न काही पालकांच्या चेहऱ्यांवर दिसतो आहे. परंतु सोंग कोणते आणि माणूस कोणता, हे ठरवण्याचा मराठी इतिहासातील सर्वांत गाजलेला तपास याच मैदानातून उद्भवला आहे.

सदाशिवरावभाऊ येथे पडले. ते जिवंत असावेत, ही आशा मात्र अनेकांनी सोडली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करलेच नाही. त्या आशेचा आधार घेऊन पुढे एक इसम ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत तो कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीहून सुटला आणि कोकणातील बराच मुलूख त्याच्या पाठीशी गेला. अखेर त्याला धरले, पुण्यात त्याची चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्यास देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे. मला या हकिकतीत रस आहे तो एवढ्यासाठी की, वेष, नाव आणि बोलण्याची ढब उसनी घेता येते. वर्षानुवर्षे अंगात मुरलेले काम उसने घेता येत नाही. गुप्तहेराची भूमिका करणाऱ्या नटाकडे मी याच दृष्टीने पाहतो. त्याचे नाव खोटे असते, हुद्दा खोटा असतो. पण हातांना लागलेले पूर्वायुष्यातील वळण कधीकधी लपत नाही.

पाश्चात्त्य मालिकांत नटाचा असा गुण दाखवण्यासाठी कथानकच मुद्दाम वळवतात. अँजेला लॅन्सबरी ही संगीत रंगभूमीवरील नामवंत अभिनेत्री. ‘मर्डर, शी रोट’ या मालिकेत ती लेखिका-गुप्तहेर असे. तिला गाता यावे म्हणून एका भागात तिच्यासारखीच दिसणारी, लंडनच्या रंगमंचावर गाणारी नात्यातली बहीण निर्माण केली आणि ती भूमिकाही तिलाच दिली. ‘डायग्नोसिस मर्डर’मध्ये डिक व्हॅन डाइक यांचे पाय संधी मिळताच नाचू लागत. प्रेक्षकांना ते आवडते, मलाही आवडते. आपल्याकडे मात्र ही गोष्ट बहुधा न सांगता घडते, आणि म्हणून ती शोधावी लागते.

शिवाजी साटम यांचे उदाहरण घ्या. ‘सी.आय.डी.’ ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २०१८ पर्यंत अखंड चालली. तिच्यातील एसीपी प्रद्युम्न आपणा सर्वांना ठाऊक आहे. हा अधिकारी साकारणारा माणूस सेंट्रल बँकेत रोखपाल होता. आंतरबँक नाट्यस्पर्धेत बाळ धुरी यांनी त्यांना हेरले आणि ‘संगीत वरद’ या नाटकात प्रथम संधी दिली. पुढे मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका आली. पोलिसांना बोलावण्याचा क्रमांक हेच तिचे नाव. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि तिच्यात साटम होते. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानाने पाहिलेल्या त्या हिंदी अधिकाऱ्याचा जन्म मराठीत झाला, असे म्हणायला हरकत नाही.

आता रोखपालाचे काम काय असते ते आठवा. काचेपलीकडे माणसे येतात, प्रत्येक जण घाईत असतो. नोटा मोजायच्या, सही ताडून पाहायची, खोटी नोट बोटांना कळली पाहिजे, आणि हे सर्व करताना चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही. संध्याकाळी हिशेब एका रुपयाने चुकला तरी घरी जाता येत नाही. प्रद्युम्नच्या त्या जगप्रसिद्ध वाक्याची, ‘कुछ तो गड़बड़ है’ याची, पुष्कळ थट्टा झाली आहे. मला ते वाक्य नेहमी ताळेबंद न जुळलेल्या बँकवाल्याचे वाटते. फिरणारी ती बोटे पाहा. काहीतरी मोजत असल्यासारखी ती फिरतात. हा माझा तर्क आहे. साटम यांनी तसे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आणखी एक गंमत अशी की, ते रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत. आणि मालिकेतील प्रयोगशाळेत मात्र डॉक्टर साळुंखे यांना प्रश्न विचारत उभे राहतात.

दयानंद शेट्टी यांच्याविषयी तर्क करावा लागत नाही. ते मूळचे मैदानावरचे, थाळीफेक आणि गोळाफेक करणारे खेळाडू. थाळीफेकीत त्यांनी महाराष्ट्रात अजिंक्यपद मिळवले होते. पायाच्या दुखापतीने खेळ सुटला, तेव्हा ते तुळू रंगभूमीकडे आणि तेथून मालिकेकडे आले. मालिकेत त्यांच्याकडून दरवाजे तोडून घेतले गेले. आपल्यातील धाकटी मंडळी हसत आहेत; हसा. पण पुढच्या वेळी त्यांचा खांदा पाहू नका, पाय पाहा. धक्का देण्यापूर्वी मागचा पाय जमिनीत रोवून, कंबरेतून वळून ते सारे वजन पुढे आणतात. गोळा हाताने फेकला जात नाही, पायापासून फेकला जातो, हे तुमच्या क्रीडाशिक्षकांनी तुम्हाला शंभरदा सांगितले असेल. दुखापतीने खेळाडूची कारकीर्द संपली, तरी शरीराने शिकलेले असे मागे उरले. त्याचे चीज झाले का, याबद्दल माझे मन मात्र द्विधा आहे. थाळी किती दूर गेली हे मोजता येते; खोट्या दरवाजाला कोण मोजणार? (दरवाजांवरून आठवले: येथील काळ्या पडलेल्या आंब्याच्या लाकडाची दारे केली गेली आणि ती पानिपतच्या संग्रहालयात आहेत, असे सांगतात. ती कोणी तोडू नयेत.)

रमेश भाटकर हे संगीतकार स्नेहल भाटकर यांचे चिरंजीव. तरुणपणी पोहणे आणि खो-खो यांत पारंगत. ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि ‘कमांडर’ या मालिकांतील त्यांची सरळ पाठीची चाल मला तालमीपेक्षा मैदानाची वाटते. ‘तहकिकात’मधील विजय आनंद यांच्याबाबत तर उलटाच प्रकार: ‘तीसरी मंझिल’ आणि ‘ज्वेल थीफ’ यांसारखी रहस्ये स्वतः रचणारा दिग्दर्शकच गुप्तहेर होऊन दुसऱ्यांची रहस्ये उलगडत बसला होता. आणि दिनेश फडणीस, तुमचा विसराळू, विनोदी फ्रेडरिक्स, पडद्यावर ज्याला काही उमगत नसे, त्याने याच मालिकेचे काही भाग स्वतः लिहिले होते. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. तेव्हाही त्यांच्या विनोदाची आठवण पुष्कळांनी काढली; लेखनाची फार थोड्यांनी.

परंतु ‘सी.आय.डी.’च्या मंडळींचा खरा कस लागला तो ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसारित झालेल्या भागात. १११ मिनिटांचा तो भाग कॅमेरा एकदाही न थांबवता, एका सलग चित्रणात पुरा केला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. मालिकेत एरवी काय होते? वाक्य चुकले की पुन्हा घेतात. उत्तम जमलेला तुकडा ठेवतात, फसलेला टाकतात. येथे ती सोय नव्हती. शंभराव्या मिनिटाला एखादा नट अडखळला असता, तर आधीचे सारे वाया गेले असते. कोणी कोणत्या दारातून यायचे, कोणाच्या पाठीमागून कॅमेरा सरकणार, समोरचा चुकला तर त्याला कसे सावरायचे, हे सर्व आधी अंगात भिनलेले असावे लागते. याला आपल्या भाषेत नाटक म्हणतात. आंतरबँक स्पर्धांच्या हौशी रंगमंचावर, दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री केलेल्या तालमी त्या दिवशी कामास आल्या. पडद्यावर मात्र तुम्हाला फक्त एक खून आणि त्याचा शोध दिसला.

आता ज्यासाठी मी हे सर्व सांगितले, तिकडे येतो. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, साटम सेंट्रल बँकेत. त्या काळी कचेऱ्यांना आपापले नाट्यसंघ असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ती व्यवस्था आता क्षीण झाली आहे. नटांना घडवणारी पहिली जागा म्हणून आता शाळा तेवढी उरली. आणि आज बसमध्ये दोघा-तिघा पालकांनी मला विचारले की, वाढता अभ्यास पाहता स्नेहसंमेलनाच्या तालमी व खेळाचा एखादा तास कमी करावा, असे वाटते. आपले मत काय? त्यांची काळजी मी समजू शकतो. दिल्लीत मराठी माध्यमातून शिकवायचे, म्हणजे आई-बाप आधीच एक धाडस करत असतात. पण याच शहरात मुलगा रस्त्यावर, बाजारात आणि मेट्रोत हिंदी बोलतो. चारशे लोकांसमोर, न घाबरता, मोठ्या आवाजात मराठी बोलण्याची त्याची एकमेव जागा तुमचा रंगमंच आहे. तो तास काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट माझी एक सूचना आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात आठवी-नववीच्या मुलांनी एक गुप्तहेरकथा बसवावी, वीस मिनिटांची, मध्ये पडदा न पाडता. हिशेबात ज्याचे लक्ष असते त्याला अधिकारी करा, गोळाफेकीत ज्याचा हात आहे त्याला हवालदार करा, आणि वर्गात सगळ्यांना हसवणाऱ्या मुलीकडे संहिता लिहायला द्या. चुकले तर थांबायचे नाही, पुढे चालू ठेवायचे. तालमीला हाक मारलीत, तर मी येईन.