नृत्याचा क्षण आणि छायाचित्राची साक्ष

चित्रकार गेला तरी चित्र राहतें, कवि गेला तरी कविता राहते. नर्तक मात्र रंगमंचावरून आंत गेला कीं त्याच्याबरोबर त्याचें नृत्यही जातें. पडदा पडल्यानंतर जें उरतें तें प्रेक्षकांच्या स्मरणांत, आणि त्या स्मरणाचें आयुष्यही प्रेक्षकांच्या आयुष्याएवढेंच. वास्लाव निजिन्स्की हा रशियन नर्तक विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपभर गाजला. त्याची उडी पाहून लोक थक्क होत. परंतु त्याच्या नृत्याची एकही विश्वसनीय चित्रफीत आज उपलब्ध नाहीं, आणि त्यास प्रत्यक्ष पाहणारी पिढी केव्हांच काळाच्या पडद्याआड गेली. त्या नृत्याची डोळ्यांना दिसणारी साक्ष आतां रेखाचित्रांत आणि छायाचित्रांतच काय ती शोधावयाची. पण जें स्वभावतः चल आहे, त्याची साक्ष स्वभावतः अचल असलेल्या वस्तूनें द्यावी कशी? आणि ती खरी किती मानावी? नृत्याचें छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकास या प्रश्नाचें उत्तर आपल्यापुरतें द्यावेंच लागतें.

निजिन्स्कीनें रचलेलें ‘फॉनचा अपराह्न’ हें नृत्य 29 मे 1912 रोजीं पॅरिस येथील शातले नाट्यगृहांत प्रथम झालें. फॉन म्हणजे अर्धा मानव आणि अर्धा बोकड असा पुराणांतील वनचर. दब्यूसीच्या संगीतावर बसविलेल्या या नृत्यांत उड्या आणि गिरक्या जवळजवळ नाहींतच; प्राचीन ग्रीक कलशांवरील आकृतींप्रमाणें नर्तक शरीर एका बाजूस वळवून, रंगमंचाच्या रुंदीला समांतर चालतात. बॅरन अडॉल्फ द मायर या छायाचित्रकारानें त्याच वर्षीं या नर्तकांचीं चित्रें घेतलीं, आणि 1914 सालीं तीं पॅरिसमध्यें पुस्तकरूपानें निघालीं. तीं प्रयोग चालू असतांना टिपलेलीं नव्हेत. नर्तकांस स्थिर उभें करून, मृदु प्रकाशांत घेतलेलीं आहेत. एरवीं अशा चित्रांत नृत्याचा जीव राहत नाहीं. परंतु हें नृत्यच मुळीं थांबलेल्या आकृतींचें बनलेलें असल्यामुळें येथें स्थिरतेनें त्याचा घात केला नाहीं. वळलेलें मनगट, ताठ पंजा, अर्धवट मिटलेले डोळे यांतून तो फॉन आजही पाहणाऱ्यासमोर उभा राहतो.

तथापि सर्वच नृत्यें इतकीं सोशिक नसतात. बॅलेमधील उडी घ्या. नर्तक दोन फूट उंच उडाला तर जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत सुमारें 7 दशांश सेकंद जातात. वर चढतांना त्याचा वेग कमी कमी होत जातो, शिखरावर तो क्षणभर शून्य होतो आणि मग शरीर खालीं येऊं लागतें. शिखराच्या आधींचा एक दशांश व नंतरचा एक दशांश सेकंद एवढ्या अवधींत तें उभ्या दिशेनें जेमतेम दोन इंच सरकतें. नर्तक हवेंत तरंगतो असा जो भास होतो, त्याचें बरेंचसें रहस्य येथें आहे. आणि छायाचित्रकाराची संधीही येथेंच आहे. पण शिखर दिसल्यावर कळ दाबणारा हटकून चुकतो. डोळ्यानें पाहावें, मनानें ठरवावें आणि बोटानें दाबावें, एवढ्यांत शरीर खालीं आलेलें असतें. कळ दाबावयाची ती शिखर दिसण्यापूर्वीं. याचा अर्थ असा कीं, उडी कोणत्या स्वरावर येणार, तिच्या आधींचें पाऊल कोणतें, हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती सांपडते. हाताच्या चपळाईपेक्षां नृत्याचें ज्ञान येथें अधिक उपयोगी पडतें.

गिरकीची गोष्ट याहून निराळी. सेकंदाला 5 मीटर वेगानें फिरणारा हात एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत 10 सेंटिमीटर सरकतो, आणि चित्रांत त्याचा केवळ पुसट पट्टा उमटतो. हा पट्टा दोष समजावा कीं गुण? अलेक्सी ब्रोडोविच यानें तो गुण मानला. हा रशियन गृहस्थ देशत्याग करून प्रथम फ्रान्समध्यें आणि पुढें अमेरिकेंत गेला, आणि ‘हार्पर्स बझार’ या मासिकाची मांडणी त्यानें वर्षानुवर्षें सांभाळली. 1935 ते 1937 या काळांत न्यूयॉर्कमध्यें आलेल्या रशियन बॅले मंडळ्यांचे प्रयोग त्यानें लहान कॅमेऱ्यानें टिपले. झगझगीत दिवा नाहीं, तिकाटणें नाहीं. रंगमंचावर जो प्रकाश पडेल त्यावरच भिस्त. त्यामुळें कोठें आकृति विरघळलेल्या, कोठें दिव्यांचे लोळ, कोठें शुभ्र झग्यांचें नुसतें धुकें. त्यांतील 104 चित्रें ‘बॅले’ या पुस्तकांत 1945 सालीं निघालीं. प्रती छापल्या अवघ्या 500. नर्तकीचें नाक-डोळे पाहूं इच्छिणाऱ्याची त्यांत निराशा होते, पण नाट्यगृहाच्या अंधारांत बसून नृत्य पाहतांना डोळ्यांपुढून जें वाहत जातें, तें त्या पानांत आहे. पुढें आगींत ब्रोडोविचचीं मूळ ऋणचित्रें नष्ट झालीं. जपून ठेवण्याचें साधनही किती नाजूक असतें, याची ही आठवण होय.

तिसरा मार्ग बार्बरा मॉर्गन या अमेरिकन बाईंचा. मार्था ग्रॅहम हिनें बॅलेची हवेंत तरंगण्याची हौस सोडून जमिनीशीं नातें सांगणारें, श्वासाबरोबर आकुंचन पावणारें आणि प्रसरणारें नवें नृत्य उभें केलें होतें. 1935 पासून पुढें कित्येक वर्षें मॉर्गनबाईंनीं त्या नृत्याचीं चित्रें घेतलीं. 1941 सालीं सोळा नृत्यांचें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांची पद्धत अशी : आधीं नृत्य पुनःपुन्हां पाहावयाचें, त्यांतील कोणते क्षण मनांत घर करून राहतात तें ओळखावयाचें, आणि मग प्रेक्षकांवांचून, स्वतः योजलेल्या प्रकाशांत, तेवढेच क्षण कॅमेऱ्यासाठीं पुन्हां नाचवून घ्यावयाचे. एमिली डिकिन्सन या कवयित्रीच्या जीवनावर आधारलेल्या 1940 च्या ‘लेटर टु द वर्ल्ड’ या नृत्यांतील एक चित्र जगप्रसिद्ध आहे. ग्रॅहमचें धड पुढें झुकून जमिनीला समांतर झालें आहे, हात कपाळाशीं गेला आहे, पाय मागें उंच फेकला आहे आणि पांढऱ्या झग्याचा घेर कमानीसारखा उसळला आहे. तो झगा क्षणापूर्वीं कोठें होता आणि क्षणानंतर कोठें जाईल, हें चित्राकडे पाहतांच कळतें. हें चित्र प्रयोगांतील नव्हे, म्हणून कोणी त्यास खोटें म्हणेल. पण नृत्याचा अर्थ ज्या क्षणांत एकवटला तो क्षण निवडण्यांत मॉर्गनबाई चुकल्या, असें म्हणणें कठीण आहे.

एकानें आकृति राखली, दुसऱ्यानें ओघ राखला, तिसरीनें अर्थ राखला. तिन्ही एकाच चित्रांत क्वचितच सांपडतात. आजचे कॅमेरे एका सेकंदांत वीस वीस चित्रें घेतात, अपुऱ्या प्रकाशाचीही त्यांना फारशी पर्वा नसते. परंतु त्या वीसांतून कोणतें ठेवावें, हें कोणतेंही यंत्र नृत्य जाणणाऱ्यासारखें सांगूं शकत नाहीं. सफाईदार उडी टिपलेली असावी आणि नर्तकाच्या मुखावरील भाव मात्र निसटलेला असावा, असें आजही नित्य घडतें.

अखेर पुन्हां त्या फॉनकडे वळावें. निजिन्स्कीनें 1915 सालीं हें नृत्य स्वतःच्या चिन्हलिपींत उतरवून ठेवलें होतें. कित्येक वर्षें ती लिपि कोणास नीट उलगडली नाहीं. 1980 नंतरच्या दशकांत ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लॉडिया येश्के या दोन विदुषींनीं ती वाचली, आणि तिच्या आधारें तें नृत्य पुन्हां रंगमंचावर आलें. कोणतें पाऊल कोणत्या स्वरावर, कोणानंतर कोण, हें त्या लिपीनें सांगितलें. द मायरच्या चित्रांना तें सांगतां आलें नसतें. उलट बोटांतील तो ताठरपणा, पापण्यांचें तें जडत्व लिपीच्या रेघांत कोठून येणार? तें सांगण्यास चित्रेंच हवीं होतीं. छायाचित्र नृत्य परत आणीत नाहीं. एका क्षणापुरतें तें खरें बोलतें आणि पुढें गप्प बसतें. पण बाकीचे साक्षीदार निघून गेले असतां, त्या एका क्षणाचेंही मोल फार मोठें असतें. आणि तो क्षण कोणता असावा हें ठरविण्याची जबाबदारी कॅमेऱ्यामागील माणसावर असते.