वैमानिकाची निवड आणि तिची तयारी



या व्यासपीठावर इतिहास, संतवाङ्मय, अर्थकारण असे विषय होतात. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने येथे उभे राहून विमानावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आम्ही विमान चालविलेले नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते याच गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या गेटसभांत. तेव्हा अधिकारी पुरुष म्हणून आम्ही येथे उभे नाही. आमच्या हातून एक चूक झाली, ती का झाली हे शोधता शोधता या विषयात शिरलो, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी काहींच्या घरी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेली मुले-मुली असतील, आणि त्यांनी जेवताना 'मला पायलट व्हायचंय' असे म्हटलेही असेल. हे भाषण मुख्यतः त्या घरांसाठी आहे.

आमच्या संघटनेचा एक जुना सभासद टर्नर आहे. त्याचा मुलगा मराठी शाळेत शिकला. त्याच्या वैमानिकीच्या शिक्षणासाठी बापाने गावाकडची जमीन विकली आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढले. आज व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो, आणि विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांत तो कोटीच्या घरात पोहोचतो. मुलाने २०० तासांचे उड्डाण पुरे केले, सरकारी परीक्षा दिल्या, परवाना मिळविला आणि घरी येऊन बसला. परवाना मिळाला की नोकरी मिळते, असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. परवाना म्हणजे रांगेत उभे राहण्याचा पास.

दोन वर्षांनी एका कंपनीचे निवडीचे बोलावणे आले. बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, तिथं चारचौघांत बोलायची परीक्षा असते म्हणे. पोरगं बुजरं आहे. तुम्हाला सभा मारायची सवय. त्याला जरा तयार करा." आम्ही तयार केले. तीस वर्षे जे केले तेच शिकविले : पहिला शब्द आपला असू दे, आवाज चढा ठेव, कोणी मध्ये बोलला तर थांबू नकोस, मुद्दा सोडू नकोस. मुलगा आज्ञाधारक. सहा उमेदवारांच्या गटाला एक काल्पनिक अडचण सोडवायला दिली होती, तीत तो एकटा अर्धा वेळ बोलला. गटातली एक मुलगी तीनदा सांगू पाहत होती की वेळेच्या हिशोबात चूक होत आहे. त्याने तिला तिन्ही वेळा थोपविले. हिशोब चुकलेलाच होता. संध्याकाळी यादी लागली, तीत त्याचे नाव नव्हते. तोवरच्या सर्व चाचण्या त्याला चांगल्या गेल्या होत्या.

त्यानंतर आम्ही वाचायला बसलो.

वैमानिक शास्त्रशुद्ध चाचण्यांनी निवडावा, ही कल्पना युद्धांतून वाढली. १९४१ साली अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाकडे हे काम सोपविले. शिकाऊ वैमानिक मोठ्या संख्येने गळत होते, काही अपघातांत मरत होते, आणि हे आधी ओळखता येईल काय, असा प्रश्न होता. त्यांनी गणित, यंत्रज्ञान, हाताडोळ्यांचा मेळ अशा अनेक कसोट्या जोडून उमेदवारांना एक ते नऊ अशी श्रेणी दिली. १९४३ मध्ये त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. हजाराहून अधिक उमेदवारांना, त्यांची श्रेणी कितीही खालची असो, प्रशिक्षणाला घेतले आणि काय होते ते पाहिले. तळच्या श्रेणीतले बहुतेक सारे गळाले. तेव्हापासून या चाचण्यांना मान मिळाला. आज विमान कंपन्या संगणकावर ज्या कसोट्या घेतात, त्यांचे मूळ येथे आहे.

या कसोट्यांत काय असते? पडद्यावर एक ठिपका भटकतो, तो दांड्याने चौकटीत धरून ठेवायचा. त्याच वेळी कानांत आकडे ऐकू येतात, त्यांतले ठरावीक आकडे आले की कळ दाबायची. मधूनच तोंडी हिशोब विचारला जातो. एका यंत्राची तबकडी पाहून विमान कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे ओळखायचे. एकेक काम सोपे असते, पण सारी एकदम आली की माणसाचे कोणते काम आधी सुटते, ते पाहतात. सरावाचा येथे उपयोग होतो, पण मर्यादेपर्यंत. चाचणीचे रूप परके राहिले नाही की घाबरटपणा जातो, त्यापुढची वाढ थोडी. रोज अर्धा तास महिनाभर करावे. आदल्या रात्री जागून केलेल्याचा काही उपयोग नाही, उलट झोप बुडते. भारतीय हवाई दलाची वैमानिक-चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते, तेथे नापास झालेल्यास पुन्हा संधी नाही. विमान कंपन्या इतक्या कठोर नाहीत. ठरावीक काळ गेल्यावर बहुतेक कंपन्या पुन्हा अर्ज करू देतात.

तोंडी हिशोबाविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी पंतोजींनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली, तेव्हा आम्ही त्यांना मनातून शिव्या दिल्या. आता पाहा. विमान ताशी ४२० सागरी मैल वेगाने चालले आहे, तर मिनिटाला किती? ७ मैल. ३०,००० फुटांवरून उतरायचे, तर किती मैल आधी सुरुवात करावी? हजारांची तिप्पट करा, ९० मैल. धावपट्टीकडे येताना वेग १४०, तर मिनिटाला किती फूट खाली यावे? १४० ची निमकी ७०, तिच्यापुढे एक शून्य, साधारण ७०० फूट. वैमानिक हे हिशोब असेच मनात करतात. ज्या मुलाला आजीने दिडकी शिकविली आहे, त्याने स्वतःला मागासलेला समजू नये.

इंग्रजीची धास्तीही अशीच वाढवून सांगितली जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेच्या सहा पातळ्या ठरविल्या आहेत, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला चौथी पुरते. या पातळीला मातृभाषेची झाक असलेला उच्चार चालतो. अट एवढीच, की तो समजण्याच्या आड येऊ नये. रेडिओवर तर साहेबालाही शाळेतले इंग्रजी सोडावे लागते. तेथे 'थ्री' नव्हे 'ट्री', 'फाइव्ह' नव्हे 'फाइफ', 'नाइन' नव्हे 'नाइनर' असे म्हणायचे, म्हणजे खरखरीत एक आकडा दुसऱ्यासारखा ऐकू येत नाही. मुलाखतीतही छोटी, पुरी, खरी वाक्ये बोलावीत. पाठ केलेले निबंध ऐकून परीक्षक कंटाळलेले असतात.

आता आमच्या चुकीकडे येतो.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील विमानतळ. दाट धुके. केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन प्रचंड बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर. केएलएमचा कप्तान कंपनीतला नामांकित शिक्षक होता, इतरांच्या परीक्षा घेणारा. परवानगी आलेली नसताना तो एकदा निघू लागला, तेव्हा सहवैमानिकाने त्यास अडविले. दुसऱ्यांदा तो निघाला तेव्हा सहवैमानिक गप्प राहिला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारले, की पॅन ॲमचे विमान अजून धावपट्टीवरून हटले नाही काय? कप्तानाने ठामपणे उत्तर दिले, की हटले आहे. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. ५८३ माणसे मेली.

पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीचे एक विमान चाकांच्या बिघाडाची खात्री करीत तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले आहे, हे सहकाऱ्यांना दिसत होते. त्यांनी ते सांगितलेही, पण हलक्या आवाजात, कप्तानाची मर्जी राखून. इंधन संपले, विमान पडले, दहा माणसे गेली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने या प्रश्नावर परिषद भरविली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना एकमेकांचे ऐकण्याचे आणि एकमेकांस अडविण्याचे शिक्षण सुरू केले. त्यास आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात आणि ते जगभर सक्तीचे आहे.

हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. हाताखालच्या माणसाने वरच्याला 'थांबा, चूक होते आहे' असे म्हणावे आणि वरच्याने ते ऐकावे, यासाठीच तर आम्ही कारखान्यांच्या दारांत जन्म घालविला. आणि त्या मुलाला आम्ही शिकविले काय? तर टेनेरिफच्या कप्तानासारखे वागायला! गटाच्या परीक्षेत परीक्षक उत्तर बरोबर आले की नाही हे फारसे पाहत नाहीत. ते पाहतात, की घड्याळाकडे कोणाचे लक्ष आहे, गप्प बसलेल्याला कोणी विचारले, आपली चूक दाखविल्यावर कोणी ती मान्य केली, आणि सारे एका बाजूला वाहत असताना शंका कोणी काढली. म्हणून गप्प बसणाराही नापासच होतो. तीनदा प्रयत्न करून सोडून देणाऱ्या त्या मुलीलाही परीक्षकांनी चौथ्यांदा बोलायला हवे होते असे म्हटले असेल. पण तो दोष तिच्याहून आमचा अधिक.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९८५ साली कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे फॉकर विमान केवळ स्त्री वैमानिकांनी नेले, आणि त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. वैमानिकांतील स्त्रियांचे प्रमाण भारतात जगाच्या सरासरीहून पुष्कळ जास्त आहे. तेव्हा 'मुलीचे काय काम' हे वाक्य या सभागृहाबाहेर ठेवावे.

सिम्युलेटरच्या परीक्षेतही हेच सूत्र दिसते. नव्या यंत्रावर उमेदवाराची उंची शंभर फूट चुकणार, हे परीक्षकाला ठाऊक असते. चूक स्वतःहून बोलून दाखवितो काय, सुधारतो काय, एकदा सांगितलेले दुसऱ्या वेळी करतो काय, याची तो नोंद घेतो. आधी दिलेले वेगाचे आणि शक्तीचे आकडे मात्र तोंडपाठ हवेत. यासाठी वैमानिक खुर्चीतला सराव करतात : भिंतीवर कॉकपिटचे चित्र लावायचे, समोर खुर्ची टाकून बसायचे, आणि प्रत्येक कळीला हात नेत तोंडाने क्रम म्हणायचा. याला पैसा लागत नाही.

राहिली स्वभावाची प्रश्नपत्रिका. शेकडो प्रश्न, आणि तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारलेला. आदर्श माणसाची उत्तरे देऊ गेलात की विसंगती उघडी पडते. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने फ्रान्सच्या आल्प्समध्ये विमान जाणूनबुजून पाडले, १५० माणसे गेली. त्याने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपविला होता. त्यानंतर युरोपात नेमणुकीपूर्वी मानसिक परीक्षण सक्तीचे झाले, आणि वैमानिकांना सहकाऱ्यांचा आधार मिळेल अशी व्यवस्था करणेही कंपन्यांस सक्तीचे झाले. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, असे आमचे मत आहे. आजार सांगितला की पोट जाते, असे ज्या धंद्यात असेल, तेथे माणसे आजार लपविणारच. हे आम्ही भट्टीवरच्या कामगारांतही पाहिले. आईबापांना एवढेच सांगणे, की वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या. पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी लाखांनी फी भरू नये. चष्मा लागला म्हणजे सारे संपले, असे मात्र नाही.

शेवटी कागद. निवड झाली की आनंदाच्या भरात सह्या होतात. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ रोजी. बँकेचा हप्ता या तारखांना थांबला नाही. म्हणून पहिल्या मुलाखतीत नव्हे, पण सही करण्यापूर्वी विचारावे : विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे टाइप रेटिंगचा, खर्च कोणाचा? बाँड किती वर्षांचा, आणि कंपनीने काढले तर तो सुटतो काय? रुजू होण्याची तारीख लेखी आहे, की 'गरजेनुसार' असा शब्द आहे? हा 'गरजेनुसार' आम्हांस चांगला परिचयाचा आहे. त्याच्या जोरावर बदली कामगार वीस-वीस वर्षे बदलीच राहिले.

त्या मुलाची दुसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्यांच्या घरात कपाटाच्या दारावर कॉकपिटचे चित्र चिकटविले आहे, समोर स्वयंपाकघरातले स्टूल. आई भाजी निवडता निवडता वहीतून आकडे वाचत होती आणि तो हात हवेत फिरवीत क्रम म्हणत होता. मध्येच धाकटी बहीण अभ्यासातून डोके वर काढून म्हणाली, "दादा, चाकं राहिली." तो थांबला, "हो, राहिली" म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. आम्ही काही बोललो नाही. बाप आम्हांस दारापर्यंत पोहोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, सगळं ठीक आहे, पण अजून जरा मोठ्यानं बोलायला हवं, नाही का?"