पाटीपुढे उभं राहताना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पऱ्हाटी बोंडावर आली की रस्त्यालगतच्या एखाद्या शेतात पाटी लागते. अमुक औषध फवारलं, एकरी दोन क्विंटल कापूस जादा आला! कंपनीची गाडी येते, चहा-फराळ होतो आणि आपण पुढच्या हंगामाचे डबे उधारीत लिहून येतो. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो त्यातलं पुष्कळ विसरलो. पण अशा पाटीपुढे उभं राहिलं की एक गोष्ट हटकून आठवते.

इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाची शेती संशोधन संस्था आहे. तिथं एकाच शेतात १८४३ सालापासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे, तो आजही थांबलेला नाही. एका पट्ट्याला शेणखत, काहींना निरनिराळी रासायनिक खतं, आणि एका पट्ट्याला काहीच नाही. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ तो पट्टा उपाशी ठेवला आहे. का? खत न घालता काय पिकतं हे कळल्याशिवाय खतानं काय दिलं हे सांगता येत नाही, म्हणून. पाटीवाल्याच्या शेतात हा उपाशी पट्टा कुठं असतो ते विचारून पाहा.

१९१९ साली तिथं रोनाल्ड फिशर नावाचा गणिती आला. त्याच्यापुढचा प्रश्न आपल्याला वखरताना रोज दिसतो. एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जमीन सारखी नसते. खालच्या अंगाला गाळ, ओल धरणारा; वरच्या अंगाला बरड. खाली औषध मारलं, वर मारलं नाही, तर जादा कापूस औषधाचा की गाळाचा? फिशरची रीत अशी की शेताचे तुकडे पाडायचे आणि औषध कोणत्या तुकड्याला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मनावर सोडलं तर हात चांगल्या तासांकडेच जातो, प्रामाणिक माणसाचासुद्धा. आणि हे एका जागी करून भागत नाही, चार-पाच जागी करायचं. समजा, औषध न मारलेल्या तुकड्यातुकड्यांतच एकरी दीड क्विंटलाचा फरक निघाला, तर औषधाच्या नावावर मांडलेल्या एका क्विंटलाला किंमत काय?

याला प्रयोगशाळा लागत नाही. कपाशीचे आठ पट्टे पाडा. चिठ्ठ्या टाकून चारांना औषध, चारांना नाही. फवारा शेजारी उडतो, म्हणून कडेची तासं हिशेबात धरू नका. प्रत्येक वेचणीला पट्ट्यापट्ट्याचा कापूस वेगळा बांधा आणि तोलायला अशा माणसाला बसवा, ज्याला कोणतं गाठोडं कुठलं हे ठाऊक नाही. वही घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडे द्या, ती आपल्यापेक्षा नीट लिहिते. ज्वारीचं नवं बियाणंही असंच तपासता येईल.

आणखी एक. आज खरं ठरलेलं कायम खरं राहतंच असं नाही. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि सुरुवातीची वर्षं तिनं बोंडअळी रोखली. पुढे गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटीला दाद देईना, हे २०१० साली कंपनीलाच जाहीर करावं लागलं. २०१७ साली तर दोन जनुकांच्या बीटीवरही तिनं विदर्भ-मराठवाड्यात बोंडं पोखरली. ज्यांनी दर हंगामात बोंडं फोडून मोजली, त्यांना ते आधी दिसलं. म्हणून चांगलं संशोधन एकदा निकाल लावून घरी जात नाही.

पाटीवाल्याला शेवटी एवढंच विचारा: किती शेतांत औषध दिलं होतं आणि त्यातल्या किती शेतांत काहीच फरक पडला नाही? दहांपैकी एका शेतावर पाटी लागली असेल, तर उरलेल्या नऊंचा आकडा आपल्याला हवा.

सीतादहीनंतरच्या बैठकीला आपापल्या वह्या घेऊन या. ज्यांच्या पट्ट्यांत काहीच फरक दिसला नाही, त्यांनी तर जरूर आणा.